स्पॅथोग्लॉटिस घ्यावं की फायस?

जमिनीत वाढणारं ऑर्किड पहिल्यांदाच लावत असाल तर या दोन ऑर्किडांपैकी माझं मत सरळ स्पॅथोग्लॉटिसला. घड्या पडलेली लांब पानं, खाली कंद, आणि दांड्यावर जांभळी-गुलाबी फुलं एकेक करत उमलत राहतात, म्हणजे जुनी गळतायत तोवर वर नव्या कळ्या तयार, त्यामुळे उबदार हवेत झाड जवळजवळ वर्षभर फुललेलंच दिसतं. फूल मात्र लहान, ३-४ सेंटीमीटरचं. ऊन चांगलं सोसतं.

फायस टँकरव्हिलियाचा थाट वेगळाच, दांडा मीटरभर उंच जातो आणि फूल १० सेंटीमीटरच्या आसपास, बाहेरून पांढरं, आतून तपकिरी, मधे जांभळट ओठ, म्हणजे ऑर्किडची ती वेगळ्या आकाराची पाकळी. पण बहर वर्षातून एकदाच, हिवाळा सरताना, आणि कडक ऊन दिलं की पानं करपलीच म्हणून समजा. गंमत म्हणजे फूल चुरगळलं तर निळं पडतं, कारण त्यात निळीचं रसायन असतं! फुलं संपल्यावर दांडा फेकू नका हं, तुकडे करून ओल्या मॉसवर (शेवाळावर) आडवे ठेवले की पेरांतून नवी रोपं फुटतात.

पाणी तुंबलं तर दोन्हीही कुजतात. सावलीचा कोपरा आणि वाट बघायची तयारी असेल तर फायस, नाहीतर स्पॅथोग्लॉटिसच बरं.