सीटखालचा सिक्स-वे फ्यूज बॉक्स: घ्या, पण सोबतचे फ्यूज फेकून द्या

फॉग लाइटचा एक लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी), मोबाइल चार्जरचा एक, व्होल्टमीटरचा एक, जीपीएसचा एक, आणि या सगळ्यांच्या खाली कुठेतरी मोटरसायकलची मूळ वायर. बॅटरीच्या प्लस टर्मिनलवर अशी चळत चढली की बोल्टला पकडायला आटेच उरत नाहीत. मग खड्ड्यात गाडी आदळली की मीटर रीसेट होतं आणि दोष बॅटरीला जातो. ही चळत मोडायची तर लागतो तो फ्यूज ब्लॉक, म्हणजे बॅटरीवरून एकच वायर घेऊन प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र फ्यूजमधून वीज वाटणारा डबा. आपल्याकडे सर्वांत जास्त विकला जातो तो सहा फ्यूजचा काळा प्लास्टिक बॉक्स: वर पारदर्शक झाकण, कडेला निगेटिव्हची पट्टी, प्रत्येक फ्यूजशेजारी लाल एलईडी. ऑनलाइन मिळतो, पुण्यात नाना पेठेत मिळतो, हजाराच्या आत येतो. वरचं नाव बदलतं, माल बहुतेक तोच.

वस्तू म्हणून बॉक्स ठीक आहे. झाकण घट्ट बसतं, पण ते पाणी अडवत नाही, फक्त धूळ आणि चुकून पडलेला पाना अडवतं. दुकानातच लोहचुंबक लावून पाहा. स्क्रू चिकटले तर हरकत नाही. आतली पट्टी चिकटली तर ती लोखंडाची आहे, तो बॉक्स परत ठेवा. अशी पट्टी कोकणातल्या एका पावसाळ्यात गंजते आणि सांध्यावर गरम व्हायला लागते. फ्यूज घालून-काढूनही बघा. बोटाने सहज निघत असेल तर पकड सैल आहे, आणि सैल पकडीत फ्यूज उडण्याआधी त्याचं प्लास्टिक वितळतं.

खरी गडबड सोबत येणाऱ्या फ्यूजच्या पुडीत असते. या दोन चपट्या पात्यांच्या ब्लेड फ्यूजने दुप्पट करंटला साधारण ५ सेकंदांत उडायला हवं. तपासणी सोपी आहे. ६०/५५ वॅटचा एच-फोर हॅलोजन बल्ब घ्या, हाय आणि लो दोन्ही फिलामेंट एकत्र जोडा. चार्ज असलेल्या बॅटरीवर ते साडेनऊ-दहा अँपिअर खेचतात. मधे पुडीतला ५ अँपिअरचा फ्यूज लावा, आणि खात्रीसाठी मालिकेत एक चांगल्या कंपनीचा १५ चा. दहा सेकंदांनंतरही बल्ब पेटलेलाच असेल तर तो फ्यूज नाही, नुसता तारेचा तुकडा आहे. बल्बची काच हातात धरू नका. एवढा खटाटोप नको असेल तर पुडी सरळ फेकून लिटेलफ्यूज किंवा बसमनचे फ्यूज घ्या. ज्या वस्तूने आग टाळायची, तिथे चाळीस रुपये वाचवण्यात अर्थ नाही.

दुसरी त्रुटी रचनेतली आहे. यात रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाही आणि सहाही फ्यूज एकाच पट्टीवर आहेत. म्हणजे सगळं चावीवर, नाहीतर सगळं कायम चालू. थेट बॅटरीला जोडून टाकला तर २० मिलिअँपिअर खाणारा साधा व्होल्टमीटरही दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-अवर पितो. रॉयल एनफील्ड हिमालयन ४११ ची बॅटरी ८ अँपिअर-अवरची आहे. दोन आठवडे गाडी उभी राहिली की सेल्फ मारणार नाही. म्हणून रिले हवाच. बारा व्होल्टचा साधा चार पायांचा ३० किंवा ४० अँपिअरचा रिले आणि त्याचा वायरसकट सॉकेट, दोन्ही त्याच दुकानात मिळतात.

जोडणी अशी. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, ती सगळ्यात शेवटी लावायची. प्लसवरून ४ स्क्वेअर एमएमची वायर, आणि बॅटरीपासून वीतभराच्या आत २० अँपिअरचा मुख्य फ्यूज झाकणवाल्या होल्डरमध्ये. हा फ्यूज लोक सर्वांत जास्त विसरतात. ब्लॉकमधले फ्यूज ब्लॉकच्या पुढच्या वायरी वाचवतात. बॅटरी ते ब्लॉक ही वायर सीटच्या पत्र्यावर घासली तर तिला वाचवणारा हाच एक. तिथून रिलेची ३० नंबरची पिन, ८७ वरून ब्लॉकचा मुख्य बोल्ट. ८५ अर्थला, ८६ ट्रिगरला, म्हणजे चावी फिरवली की रिले चालू करणाऱ्या वायरीला. निगेटिव्ह पट्टीवरून दुसरी ४ स्क्वेअर एमएमची वायर थेट बॅटरीच्या मायनसला. चासीला नको, रंगावर किंवा गंजावर बसलेल्या अर्थमुळे फॉग लाइट मिणमिणतात आणि दोष लाइटला दिला जातो.

ट्रिगर टेल लाइटच्या प्लसवरून घ्या. रिलेची कॉइल जेमतेम दीडशे मिलिअँपिअर घेते, मूळ वायरिंगला ते जाणवतही नाही. मधे १ किंवा २ अँपिअरचा छोटा फ्यूज ठेवा. मूळ वायरीतून असा फाटा काढताना ती निळी-लाल चिमटा क्लिप वापरू नका. ती तारेचे काही पदर कापते, कापल्या जागी पाणी शिरतं आणि वर्षभरात तिथे हिरवी पूड दिसते. इन्सुलेशन थोडं सोलून सोल्डर करा, वर हीट स्लीव्ह, आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना टाय, म्हणजे हादरे सोल्डरवर येणार नाहीत. मूळ हार्नेस (गाडीच्या वायरींची जुडी) कापायचाच नसेल तर गाडीच्या कपलरला बसणारा जोड कपलर शोधा. वॉरंटीतल्या गाडीसाठी तेच बरं.

पुढच्या वायरी: २० वॅटच्या दोन एलईडी फॉग मिळून ३ अँपिअर घेतात, त्यांना ५ चा फ्यूज आणि १ स्क्वेअर एमएम. १८ वॅटच्या यूएसबी चार्जरला ३ चा, जीपीएसला ३ चा. हॉर्नची जोडी इथे आणू नका. विंडटोन जोडी दहाच्या आसपास खेचते, तिला स्वतंत्र रिले आणि १५ चा फ्यूज द्या. वायरही जाड हवी: पाऊण स्क्वेअर एमएमच्या वायरीत जाऊन-येऊन ३ मीटरला दहा अँपिअरवर पाऊण व्होल्टच्या वर पडतो, दीडमध्ये तो निम्म्यावर येतो. बसका आवाज बहुतेक वेळा हॉर्नचा नसतो, वायरीचा असतो. सहा जागा आहेत म्हणून सहाही भरायच्या नसतात; आल्टरनेटरच्या वॅटमधून गाडीची स्वतःची गरज वजा करून उरेल तेवढंच तुमचं. मल्टिमीटर बॅटरीवर ठेवून सगळं चालू करा. आयडलला १३ च्या खाली आलं तर काहीतरी बंद ठेवावं लागेल.

बॉक्स उभा बसवा, वायरी खालून येतील अशा, आणि प्रत्येक वायरीला आत शिरण्याआधी खाली एक झोका द्या. पाणी तिथून गळून जातं. ताम्हिणीच्या पावसापेक्षा वॉशिंग सेंटरचा फवारा वाईट, तो सीटखाली हमखास मारतात. लगवर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात, आणि स्क्रूखाली स्प्रिंग वॉशर. वॉशर बॉक्ससोबत येत नाहीत.

एलईडीचं कौतुक फार नको. फ्यूज उडालेला असला तरी पुढचं उपकरण चालू असेल तरच तो पेटतो. चार्जरचं स्विच बंद असेल तर तो काहीच सांगणार नाही.

महाग पर्यायांत ब्लू सी सिस्टिम्सचा ५०२५ बोटींसाठी बनवलेला आहे. कथील चढवलेल्या तांब्याच्या पट्ट्या, सहा सर्किट, निगेटिव्ह पट्टी. पकड या स्वस्त बॉक्सपेक्षा कितीतरी घट्ट. रिले त्यातही नाही, आणि छोट्या गाडीच्या सीटखाली जागा शोधावी लागते. अमेरिकेतल्या फ्यूझब्लॉक्सच्या एफझेड-वनमध्ये रिले आतच आहे, शिवाय फ्यूज कुठल्या खाचेत घालता त्यावर ते सर्किट चावीवर की कायम हे ठरतं. कल्पना उत्तम, पण तो मागवायचा तर कुरिअर आणि कस्टम्सचा खर्च धरावा लागतो. एकच ट्रॅकर कायम चालू ठेवायचा असेल तर त्यासाठी एवढं नको. त्याला बॅटरीवरून वेगळा इनलाइन (वायरीतच बसणारा) होल्डर आणि ३ चा फ्यूज पुरतो.

स्वस्त बॉक्सला पाचपैकी साडेतीन. दीड गुण फ्यूज आणि वॉशरचे कापले. बसवल्यावर पाचशे किलोमीटरने सगळे स्क्रू एकदा आवळा, सिंगल सिलिंडर गाडीवर दोन-तीन तरी पाव फेरा फिरतातच.