घरघंटी, पावणेनऊ महिन्यांचा वापर : मोटर उत्तम, पण दाराचा खुंटा आधी बघा

घरघंटी म्हणजे घरात ठेवायची विजेवरची छोटी पिठाची गिरणी. तिच्या दाराला आतल्या बाजूनं करंगळीच्या पेराएवढा एक खुंटा असतो. दार लावलं की तो आतला स्विच दाबतो आणि तेव्हाच घंटी सुरू होते. दुकानात गेलात की जाळ्या, टाकी, रंग, चाकं सगळं नंतर बघा. आधी दार उघडा आणि तो खुंटा बघा. धातूचा असेल तर निर्धास्त घ्या. प्लॅस्टिकचा असेल तर तो सुटा मिळतो का, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या.

आमची घंटी एक एचपीची, सिंगल फेज, नेहमीची कपाटासारखी. २०२४ च्या पाडव्याला, ९ एप्रिलला घरी आली. आज ३० डिसेंबर. मी बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, लेथवर (धातू कातायच्या यंत्रावर) बावीस वर्षं काम करतोय, त्यामुळे यंत्राबद्दल बोलताना मला थोडं जास्त बोलायची सवय आहे. पण हे लिहायला बसलोय ते घंटीसाठी जितकं, तितकंच सरत्या वर्षासाठी. दोन्ही मला वेगळं करता येत नाही.

वर्षाची सुरुवातच वाईट झाली. जानेवारीत ऑर्डरी कमी झाल्या आणि आमचं काम आठवड्याला सहा दिवसांवरून चार दिवसांवर आलं. फेब्रुवारीत आई न्हाणीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पतसंस्थेतून ऐंशी हजार काढले. आईचं वय एकाहत्तर. त्या दिवसापर्यंत आमच्या घरचं दळप तीच बघायची. जोंधळा निवडायची, पाखडायची, डबा कमरेवर घेऊन दोन गल्ल्या ओलांडून गिरणीत जायची आणि नंबर येईपर्यंत तिथंच बसायची. आमच्या आधी कुणाचे गहू पडलेत का हरभरा, हे बघितल्याशिवाय ती डबा पुढं करत नसे.

ती अंथरुणाला खिळली आणि दळप बंद पडलं. बायकोला आईचं सगळं करण्यातून वेळ नाही, मी कामाचे दिवस शोधत दुसऱ्या दोन शेडमध्ये हिंडत होतो. दुकानातून पिशवीचं तयार पीठ आणलं. आईनं पहिला घास घेतला आणि ताट सरकवलं. "जीव नाही रे ह्या पिठात," म्हणाली. त्यात तिला साखर. डॉक्टरांनी गहू कमी करा, जोंधळा, नाचणा वाढवा म्हणून सांगितलेलं. दोन किलो हे, दीड किलो ते, असं थोडंथोडं दळप गिरणीत नेलं तर आधीच्या माणसाचं पीठ त्यात मिसळणारच. म्हणून घंटी घ्यायचं ठरलं.

बेळगावात तीच घंटी अठरा हजारांना होती, कोल्हापुरात साडेसोळा. मेव्हणा तिकडं असतो, त्यानं घेऊन ठेवली आणि ओळखीच्या टेम्पोतून सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावरून ती बेळगावात आमच्या वडगावात आली. दीड हजार वाचले. पतसंस्थेचा हप्ता चालू असताना दीड हजार म्हणजे आमच्या घरी लहान रक्कम नव्हती.

आता वापराचं. पहिल्या महिन्यात मी घंटीवर नाराज होतो. गिरणीत दगड असतो, दोन दगडांत दाणा चिरडतो. इथं दगड नाही. आत पोलादी पाती गरागरा फिरतात, दाण्याला ठोकतात, आणि चुरा जाळीच्या भोकातून खाली पडतो. म्हणजे पिठाची जाड-बारीक सगळी जाळीवर. मी हौसेनं सगळ्यात बारीक जाळी लावली आणि जोंधळ्याची भाकरी थापताना चिरायला लागली. बायको वैतागली. मी आईच्या कॉटजवळ वाटीत पीठ नेलं. तिनं अंगठा आणि तर्जनीत चिमूट धरली, डोळे मिटून घासली, मग तीच बोटं कानाजवळ नेऊन परत घासली. "लई बारीक केलास. कण लागू दे की जरा हाताला." त्याच्या वरची जाळी लावली. दुसऱ्या दिवशी भाकरी पापुद्रा सोडून टम्म फुगली, आणि आईनं त्या दिवशी दीड भाकरी खाल्ली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा.

तेव्हापासून माझं मत बदललं. जोंधळ्याचं पीठ शिळं झालं की चिकटपणा जातो, हे भाकरी करणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. घंटीचा खरा फायदा तिथं आहे. चार दिवसांपुरतं दळायचं, संपलं की परत दळायचं. गव्हाला बारीक जाळी, जोंधळ्याला आणि नाचण्याला त्याच्या वरची, हे आमच्या घरी आता कुणाला विचारावं लागत नाही.

पैशाचा हिशोबही सांगतो, कारण घंटी पैसे वाचवते असं ऐकून बरेच जण घेतात. एक एचपी म्हणजे साधारण पाऊण किलोवॅट. आमची घंटी तासाला सात-आठ किलो गहू दळते. महिन्याला आमचं तीस किलो दळप, म्हणजे चार तास. मी मीटर वाचून बघितलं, चार युनिटच्या आतबाहेर जातात. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती या मोफत विजेच्या योजनेत आमचं बिल शून्य येतं, पण शून्य म्हणजे दोनशे युनिट सगळ्यांना मोकळे नव्हेत. २०२२-२३ मध्ये तुमचा जो सरासरी वापर होता, त्यावर साधारण दहा टक्के एवढीच तुमची मर्यादा. त्याच्या वर गेलं की वरच्या युनिटचे पैसे पडतात, आणि दोनशेच्या वर गेलं तर सगळंच बिल भरायचं. घंटी आल्यावर आम्ही दोन महिने मर्यादेच्या थोडं वर गेलो, पंचवीस-तीस रुपये भरले. गिरणीत किलोला सहा रुपये धरले तर तीस किलोचे एकशे ऐंशी. म्हणजे महिन्याला दीडशे वाचतात आणि साडेसोळा हजार वसूल व्हायला जवळपास नऊ वर्षं लागतात. पैसे वाचवायला म्हणून घंटी घेऊ नका. घरात आजारी माणूस असेल, थोडंथोडं वेगवेगळं दळप लागत असेल, तर घ्या.

पावसाळ्यात पुन्हा त्रास झाला. जुलैत आपल्याकडं काय पाऊस लागला ते सगळ्यांनी बघितलंय, शाळांना सुट्ट्या द्याव्या लागल्या. ऊन नाही म्हणजे धान्य वाळत नाही. दमट गहू घातले की जाळी लिंपल्यासारखी बुजते, पीठ आत कोंडतं, तापतं, आणि मोटर स्वतःहून बंद पडते. दोनदा तसं झालं. मला वाटलं मोटर गेली. पण पाऊण तासानं, थंड झाल्यावर, ती परत सुरू झाली. मग रात्रभर पंख्याखाली चादरीवर गहू पसरायला लागलो. टाकीवरची कापडी पिशवी दर आठवड्याला झटकायला लागलो. ती पिशवी हवा बाहेर सोडते. ती पिठानं भरली की दाराच्या फटीतून पीठ उडतं आणि लोक म्हणतात घंटी गळते. मोटरचं कौतुकच करावं लागेल. एवढ्या हालात तिचा आवाजसुद्धा बदलला नाही.

आणि मग १५ ऑक्टोबरला खुंटा मोडला. खंडेनवमीला घंटीला झेंडूची माळ घालून पूजा केली होती, ती माळ अजून सुकायची होती. दार लावलं, कट् असा आवाज आला, आणि पांढऱ्या प्लॅस्टिकचा तुकडा पिठात पडला. मोटर ठणठणीत, पाती धारदार, जाळ्या शाबूत, आणि घंटी बंद.

हमी वर्षाची होती म्हणून फोन केला. कोल्हापूरच्या दुकानदारानं सांगितलं, तुमचा पत्ता कर्नाटकात, तक्रार हुबळीला जाते. हुबळीवाल्यांनी सांगितलं, तुमचं बिल महाराष्ट्रातलं, दुकानदाराचं पत्र आणा. दुकानदार म्हणाला, असं पत्र आम्ही देत नाही. फोनवर आधी कन्नड, मग हिंदी, मग थांबा. तीन वेळा नवा तक्रार क्रमांक मिळाला, आणि प्रत्येक वेळी पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. सीमाभागात राहणाऱ्या माणसाला हे नवीन नाही. दोन्हीकडचं आपलं म्हणून आपण जातो, आणि दोन्हीकडं आपण पलीकडचे ठरतो. दिवाळीची चकलीची भाजणी गिरणीत दळून आणली, आईनं ती न बोलता बघितली.

विसाव्या दिवशी, ४ नोव्हेंबरला, माणूस आला. पोरगा चांगला होता, त्याचा दोष नाही. तो म्हणाला, खुंटा सुटा येत नाही, आख्खं दार बदलावं लागेल, चौदाशे पन्नास, आणि प्लॅस्टिक हमीत बसत नाही. म्हणजे कोल्हापुरात वाचवलेले दीड हजार तिथंच संपणार होते. मग हळूच म्हणाला, "नाहीतर स्विच डायरेक्ट करून देतो की मामा, खुंटाच नको."

याचं मला फार वाईट वाटलं, आणि म्हणूनच मी एवढं लांबण लावतोय. स्विच डायरेक्ट करणं म्हणजे दार उघडं असतानाही पाती फिरणार. मिनिटाला अडीच हजारांवर फेरे. घरात माझी नऊ वर्षांची मुलगी आहे, पिठात हात घालायला तिला आवडतं. लेथच्या गरागरा फिरणाऱ्या चकवर गार्ड न लावता काम करणाऱ्यांचे हात मी बघितलेत. तुमच्याकडं कुणी असं डायरेक्ट करून देतो म्हणाला तर त्याला चहा द्या आणि परत पाठवा. कंपन्यांनी हा चाळीस-पन्नास रुपयांचा तुकडा सुटा द्यायला हवा, नाहीतर निम्म्या घंट्या उघड्या दारानं चालतील.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये मालकांना विचारून नायलॉनच्या रॉडचा उरलेला तुकडा घेतला. मोडलेला खुंटा व्हर्नियरनं मोजला, आठ मिलिमीटर जाडी, बावीस लांबी. जिथं मोडला होता तिथं कंपनीनं एकदम काटकोन ठेवला होता. ताण नेमका तिथंच येतो. मी तिथं गोलाई दिली, मागून आटे पाडले, दाराला भोक पाडून स्क्रूनं बसवला. मोजून वीस मिनिटांचं काम. आज आठ आठवडे झाले, रोज उघडझाप आहे, हललेला नाही.

तो खुंटा हातात घेऊन बसलो होतो तेव्हा माझ्या डोक्यात न्हाणी होती. न्हाणीत भिंतीला पकडायचा स्टीलचा दांडा बसवायचा, हे मी आई पडायच्या आदल्या दिवाळीपासून म्हणत होतो. खडेबाजारात भावही विचारून आलो होतो, साडेचारशे. ह्या रविवारी, पुढच्या रविवारी, असं करत राहिलो. आई पडली त्याच्या तिसऱ्या दिवशी, ती दवाखान्यात असताना, मी तो बसवला. ड्रिल मारताना हात थरथरत होता.

आईनं मला एका शब्दानंही बोललेलं नाही.

डिसेंबरात शहर उजळलं. १९२४ चं काँग्रेसचं अधिवेशन बेळगावात झालं, गांधीजी अध्यक्ष झाले ते एकमेव अधिवेशन, त्याला शंभर वर्षं झाली म्हणून रस्तोरस्ती रोषणाई. २५ तारखेला आईला रिक्षानं टिळकवाडीला नेलं. त्या अधिवेशनाच्या पाण्यासाठी खोदलेली काँग्रेस विहीर तिथं आहे, तिथं तिला उतरायचंच होतं. वॉकर धरून ती चाळीस पावलं चालली, मी मोजली. दिव्यांकडं बघत बराच वेळ उभी राहिली. दुसऱ्या दिवशी रात्री मनमोहन सिंग गेल्याची बातमी आली, सत्ताविसाचे कार्यक्रम थांबले. त्या रात्री बायको आणि मी वही काढून बसलो.

पतसंस्थेचे अठ्ठेचाळीस हजार अजून राहिलेत, ते दसऱ्यापर्यंत फेडायचे आणि तोवर हप्त्यावर काही घ्यायचं नाही. दुरुस्ती जिथल्या तिथं मिळते अशाच ठिकाणी वस्तू घ्यायची, हजार-पाचशे जास्त गेले तरी चालतील. घरातली बारीकसारीक दुरुस्ती लक्षात आली त्याच आठवड्यात करायची, हे बायकोनं लिहिलं आणि खाली माझी सही घेतली. आणि रविवारी मी दुसऱ्या शेडला जाणार नाही, सकाळी आईला चालवणार.

घंटी घ्यावी का, तर घ्या. पाचात चार. एक तारा खुंट्याचा कापला, तो परत देत नाही. मोटरला, पिठाला नावं ठेवायला जागा नाही. तीळ, शेंगदाणे त्यात कधी घालू नका, तेलानं जाळी बसते.

१३ जानेवारीला भोगी. बाजरी आणून ठेवलीय, आई कॉटवर बसून ती निवडतेय. तिच्या कॉटपासून घंटीपर्यंत अकरा पावलं आहेत. "भोगीचं दळप मीच लावणार, दार मीच बंद करणार," असं तिनं काल सांगितलंय. मी कॉट आणि घंटीच्या मधल्या भिंतीला आज आणखी एक दांडा बसवला.