आतड्याच्या जोडणीला आधार: फायब्रिन गोंद, कोलॅजनची चकती, सायनोॲक्रिलेट की आतली नळी?

आतड्याचा रोगट भाग काढून उरलेली टोके जोडली की ती जागा पहिल्या दिवशी नव्हे, तर साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत कमकुवत असते. कारण जुने कोलॅजन (ऊतींना बळकटी देणारे प्रथिन) विरघळवणारी विकरे तेव्हा जोमात असतात आणि नवे कोलॅजन पुरेसे तयार झालेले नसते. म्हणून जोडणीतून गळती होऊ नये यासाठी वापरायचा पूरक पदार्थ किती घट्ट चिकटतो एवढेच पाहून भागत नाही. तो या दिवसांत टिकतो का आणि जखम भरण्याच्या आड येतो का, हेही तपासावे लागते.

फायब्रिन गोंदात फायब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिन ही रक्तातली प्रथिने एकत्र येऊन रक्त गोठण्याची शेवटची पायरी जोडणीवरच घडते. शरीर तो सहज पचवते, ऊतींना त्याचा त्रास कमी होतो. मात्र ओल्या पृष्ठभागावर त्याची पकड बेताचीच असते. हेच दोन घटक कोरड्या स्वरूपात कोलॅजनच्या चकतीवर बसवले की कापडासारखा आधारही मिळतो, म्हणून हात सहज पोहोचतो तिथे माझा कल चकतीकडे राहील. खोल ओटीपोटात ती जोडणीभोवती नीट गुंडाळणे मात्र अवघड जाते.

सायनोॲक्रिलेट हा कृत्रिम गोंद. ते ओलाव्यातच घट्ट होते आणि पकडीत या दोन्हींपेक्षा सरस ठरते. तरीही ते कडक असते, हळू विघटते, दाह वाढवू शकते आणि दोन कडांच्या मध्ये शिरले तर त्यांना एकमेकींशी जुळू देत नाही. त्यामुळे संपूर्ण जोडणीभोवती ते लावणे मला योग्य वाटत नाही.

सर्वांत जास्त विचार करायला लावते ती सी-सील ही विरघळणारी पातळ नळी. स्टेपलरने जोडणी करतानाच ती आतून बसवायची, म्हणजे मल जोडणीला न लागता पुढे सरकेल, ही कल्पना अत्यंत तर्कशुद्ध होती. परंतु 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचणीत (रुग्णांचे गट चिठ्ठी टाकल्यासारखे पाडून केलेल्या तुलनेत) पुन्हा उपचार करावे लागतील अशी गळती सी-सील गटात 10.4 टक्के, तर नळीविना गटात 5 टक्के आढळली आणि चाचणी मुदतीपूर्वीच थांबवली गेली. प्राण्यांवरील प्रयोगात उत्तम दिसणाऱ्या नव्या हायड्रोजेलबाबतही (पाणी धरून ठेवणाऱ्या जेलीसारख्या पदार्थांबाबतही) हाच सावधपणा हवा.

सरसकट प्रत्येक जोडणीवर यांपैकी काही लावण्यास आजचा पुरावा पुरेसा नाही. स्टिरॉइड घेणारा किंवा कुपोषित रुग्ण असेल, तर फायब्रिन वा चकतीचा विचार करता येईल. पण टोकांचा रक्तपुरवठा आणि ताणरहित जोडणी यांची खात्री आधी व्हायला हवी, आणि गुदद्वाराजवळच्या जोडणीत तात्पुरता स्टोमा (मल बाहेर जाण्यासाठी पोटावर केलेले छिद्र) करायचा की नाही हा निर्णय गोंद हाताशी आहे म्हणून बदलू नये.