शाँपे ते त्रियाँ : बोवीन की खिंड?

आल्प्समधल्या माँ ब्लाँ या पर्वताच्या पायी प्रदक्षिणेत स्वित्झर्लंडमधल्या शाँपे गावाहून त्रियाँ गावाला जायला दोन वाटा आहेत. बोवीनची वाट जंगलातून चढत साधारण 2,000 मीटरवरच्या कुरणात पोहोचते. तिथे काळ्याभोर, ठेंगण्या एराँस गाई गळ्यातल्या घंटा वाजवत चरत असतात आणि खाली ऱ्होनचं खोरं मार्तिन्यीपर्यंत पसरलेलं दिसतं. पाच-साडेपाच तासांत मुक्काम गाठता येतो. पाऊसपाण्यातही हीच वाट धरावी.

दुसरी वाट फनेत्र दार्पेतची. फनेत्र म्हणजे खिडकी, आणि 2,665 मीटरवरची ही खिंड खरोखर तशीच आहे. आधी आर्पेतचं खोरं, ओढा, फुलं, सगळं निवांत. मग मोठमोठ्या धोंड्यांचा पट्टा लागतो. लाल-पांढऱ्या खुणा शोधत, हात टेकत एकेक धोंडा पार करायचा. शेवटचा चढ तर सुट्या मातीचा, पाऊल टाकलं की निम्मं खाली घसरतं. आपल्याकडे नळीच्या, म्हणजे अरुंद घळीतून चढणाऱ्या वाटा केलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. माथ्यावर पोचलं की पलीकडे एकदम त्रियाँची हिमनदी! निळसर भेगा, आणि खाली ती मागे सरकल्याने उघडा पडलेला गुळगुळीत कातळ. तो कातळ बघून मला गलबलून आलं. उतारही मोठा आहे, जवळजवळ 1,400 मीटरचा, गुडघे बोलतात.

आकाश निरभ्र असेल आणि बर्फ वितळलेलं असेल, तर मी खिंडच निवडेन. ढग दाटले असतील तर मात्र मुळीच नाही.