पीए-एलएनएवालं एनआरएफ२४एल०१ प्लस: घ्या, पण अडॅप्टरसकट

आर्डुइनोसारख्या बोर्डांना बिनतारी डेटा पाठवायला लावतात ते लांब अँटेनाचं हे २.४ गिगाहर्ट्झचं रेडिओ मॉड्यूल मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतं. वर्णनात ‘मोकळ्या जागेत एक किलोमीटर’ असं लिहिलेलं असतं आणि घेणाऱ्यांच्या तक्रारी मात्र एकाच छापाच्या असतात: साध्या छोट्या मॉड्यूलपेक्षाही रेंज कमी, पॅकेट गळतात, इंटरफिअरन्स फार. खापर फुटतं शेजाऱ्याच्या वायफायवर. दोष बहुतेक वेळा मॉड्यूलच्या आठ पिनांपासून चार बोटांवर सापडतो.

नॉर्डिक कंपनीची मूळ चिप ० डीबीएमवर (डीबीएम हे सिग्नलच्या पॉवरचं माप) पाठवताना जेमतेम ११.३ मिलिअँपिअर घेते. या मॉड्यूलवर तिच्यापुढे आरएफएक्स२४०१सी ही अँप्लिफायर चिप आहे: पाठवताना पॉवर वाढवणारा भाग तो पीए, ऐकताना क्षीण सिग्नल मोठा करणारा तो एलएनए. तिच्यामुळे पॉवर २० डीबीएमच्या आसपास जाते, आणि करंटही ११५ मिलिअँपिअरपर्यंत. आर्डुइनो उनोची ३.३ व्होल्टची पिन ५० मिलिअँपिअरसाठी आहे. पॅकेट सुटतं त्याच क्षणी सप्लाय बसतो, लांब जंपर वायरी त्यात भर घालतात, चिपमधला ऑसिलेटर जागचा हलतो आणि समोरचं मॉड्यूल सीआरसी (चूक पकडणारा तपासणी-आकडा) चुकलेलं पॅकेट गुपचूप टाकून देतं. ऐकताना करंट कमी लागतो, म्हणून तेच मॉड्यूल रिसीव्हर म्हणून ठणठणीत चालतं आणि संशय भलतीकडे जातो. एक खूण हमखास: मॉड्यूलवर बोट ठेवलं की पॅकेट जायला लागतात, काढलं की बंद. असं झालं तर आधी सप्लाय आणि ग्राउंड तपासा, कोडला हात लावू नका.

म्हणूनच सोबत मिळणारा आठ पिनी सॉकेटचा अडॅप्टर बोर्ड ही या जोडीतली खरी कामाची वस्तू. त्यावर एएमएस१११७-३.३ रेग्युलेटर असतो. त्याला आउटपुटपेक्षा साधारण १.१ ते १.३ व्होल्ट जास्त लागतात, म्हणजे ५ व्होल्ट द्या. एका १८६५० लिथियम सेलवर तेवढे व्होल्ट नसतात, म्हणून तो रेग्युलेट करतच नाही, सेलवरची घाण तशीच पुढे जाते. सेलवर चालवायचं असेल तर अडॅप्टर सोडा आणि एमसीपी१७०० रेग्युलेटरचा ३.३ व्होल्टचा प्रकार लावा. २५० मिलिअँपिअर देतो आणि त्याला ०.२ व्होल्टच्या आसपास फरक पुरतो. एलएम२५९६चा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारा स्विचिंग बोर्ड) असेल तर तो थेट ३.३ वर लावून मॉड्यूलला जोडू नका. १५० किलोहर्ट्झचा रिपल सरळ रेडिओत शिरतो. बक ५ वर ठेवा, पुढे अडॅप्टर.

अडॅप्टर असला तरी मॉड्यूलच्या १ आणि २ नंबरच्या पिनांवर, म्हणजे ग्राउंड आणि व्हीसीसीवर, १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक आणि १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करा. मोठा कपॅसिटर बसणारं व्होल्टेज सावरतो, पण वेगवान स्पाइकला तो आंधळा असतो, ते काम छोट्याचं. ब्रेडबोर्डवर तीन भोकं लांब लावलेला कपॅसिटर निम्मा वाया. त्याच बोर्डावर डीसी मोटर असेल तर तिच्या टर्मिनलवरही १०० नॅनोफॅरड हवाच. एसपीआयच्या, म्हणजे आर्डुइनो आणि मॉड्यूलमधल्या डेटाच्या, वायरी १० सेंटिमीटरच्या आत ठेवा. या मॉड्यूलची आर्डुइनोसाठीची आरएफ२४ लायब्ररी एसपीआय १० मेगाहर्ट्झवर चालवते, ब्रेडबोर्डवर तो वेग ४ किंवा १ वर आणलेला बरा.

आता चॅनल. ‘१०८ लावा, वायफायच्या वर जातं’ हा सल्ला सगळीकडे फिरतो. चॅनलचा आकडा म्हणजे २४०० च्या वरचे मेगाहर्ट्झ, म्हणजे १०८ होतो २५०८. भारतात विनापरवाना पट्टा २४८३.५ ला संपतो, त्यामुळे हा सल्ला इथे बेकायदा आहे. वायफायच्या १, ६, ११ या चॅनलांचं मध्य २४१२, २४३७, २४६२ वर. लायब्ररीत आधीपासून लावलेला चॅनल ७६ त्यांच्या वर पडतो. शेजाऱ्याचं वायफाय १३ वर असेल तर मात्र तोही झाकला जातो. ८० टाळा: ब्लूटूथ एलईचं एक अॅडव्हर्टायझिंग चॅनल आणि झिगबी या दुसऱ्या बिनतारी पद्धतीचं चॅनल २६ दोन्ही २४८० वरच आहेत. अंदाज बांधण्यापेक्षा लायब्ररीतलं स्कॅनरचं उदाहरण चालवा. उणे ६४ डीबीएमच्या वरचं काहीही ते दाखवतं.

डेटा रेट २५० केबीपीएस ठेवा. संवेदनशीलता उणे ९४ डीबीएम मिळते, २ एमबीपीएसवर ती उणे ८२ असते (आकडा जितका खाली तितका क्षीण सिग्नल ऐकू येतो). २५० चालतच नसेल तर चिप प्लस नसलेली जुनी आहे किंवा नक्कल आहे. नकली चिप अस्सलशी बोलताना ऑटो-अॅकमध्ये (पॅकेट मिळाल्याची आपोआप जाणारी पोच) अडखळते, तेव्हा दोन्ही टोकांना एकाच लॉटची मॉड्यूलं घ्या. टेबलावर हातभर अंतरात तपासताना पॉवर सगळ्यात खालची लावा, नाहीतर एलएनए गच्च होऊन काहीच ऐकत नाही. राउटरच्या शेजारी ठेवलं तरी हीच गत. आणि अँटेना न लावता पूर्ण पॉवर कधीही देऊ नका.

मॉड्यूलचा खरा उणेपणा म्हणजे उघडी पाटी. तिच्यावर शिल्ड नाही. पाटीला आधी प्लास्टिकचा थर, मग अॅल्युमिनियम फॉइल, आणि फॉइलला ग्राउंडची एक वायर असा जुगाड चालतो, फक्त अँटेना बसते त्या एसएमए सॉकेटचा मधला भाग आणि पिना मोकळ्या ठेवा. ज्याला हे नको त्याने ईबाइट कंपनीचं ई०१-एमएल०१डीपी५ घ्यावं, पत्र्याचं शिल्ड तयारच येतं, पैसे जास्त.

घरातल्या घरात सेन्सर लावायचा असेल तर पीए-एलएनएची गरजच नाही, पाटीवर नागमोडी अँटेना छापलेलं साधं मॉड्यूल घ्या, निम्म्या कटकटी तिथेच मिटतात. उसाच्या फडापलीकडची मोटर चालवायची असेल तर पीए-एलएनएवालंही घेऊ नका. ओल्या पानांत २.४ गिगाहर्ट्झ फार टिकत नाही, तिथे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचं लोरा, म्हणजे लांब पल्ल्याचं कमी वेगाचं रेडिओ मॉड्यूल.