पीएस 5, एक्सबॉक्स की स्विच? आधी शेजारी कोण बसणार ते ठरवा

कन्सोल, म्हणजे व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र, घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण फोर-के (चित्राची स्पष्टता) आणि टेराफ्लॉप्स (यंत्राची ताकद) यांच्या तक्त्यात डोकं घालून बसतात. मी मात्र विचारणाऱ्याला आधी एवढंच विचारतो: खेळताना शेजारी कोण असणार? नव्वदच्या दशकात आमच्याकडे कॅसेटवाला व्हिडिओ गेम होता. चित्र ठिपक्याठिपक्यांचं, आवाज चिरका. पण कॉन्ट्रामध्ये दुसरा रिमोट भावाच्या हातात असायचा, म्हणून तोच गेम अख्खी मे महिन्याची सुट्टी पुरला.

रात्री जेवणं उरकल्यावर एकट्याने मोठ्या कथेत शिरायचं असेल, तर सोनीचा पीएस 5, म्हणजे प्लेस्टेशन 5, घ्या. त्याची खरी मजा कंट्रोलरमध्ये आहे. कन्सोलमध्ये आधीपासूनच असलेला ‘ॲस्ट्रोज प्लेरूम’ लावून बघा. छोटा रोबो वाळूवरून चालला की तळहाताला खरखर जाणवते, पत्र्यावर गेला की टकटक, पाऊस आला की थेंब बोटांखाली टपटपतात. दुकानात डेमो मिळाला तर पडद्याकडे नंतर बघा, आधी हाताकडे लक्ष द्या. ‘स्पायडर-मॅन 2’सारखे गेम एक्सबॉक्सवर येत नाहीत, आणि पीएस 4 चे जवळपास सगळे जुने गेम इथे चालतात.

मॉडेल डिस्कवालं घ्या, असं माझं ठाम मत आहे. नवा मोठा गेम 4,999 रुपयांच्या आसपास जातो. संपवला की डिस्क विकता येते, मित्राशी अदलाबदल करता येते. डिस्क न घेणाऱ्या डिजिटल मॉडेलमध्ये ती सोय नाही. 2023 मध्ये आलेल्या पीएस 5 स्लिमच्या डिजिटल मॉडेलला डिस्क ड्राइव्ह नंतर जोडता येतो, पण तो वेगळा विकत घ्यावा लागतो.

घरातली मुलं तासाभरात एका गेमला कंटाळून दुसरा मागत असतील, तर मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एस आणि त्याची गेम पास ही वर्गणी, ही जोडी बरी. महिन्याची वर्गणी भरा, हवं ते उतरवून बघा. वाचनालयासारखं आहे, वर्गणी थांबली की गेमही गेले. अर्धवट सोडलेला गेम क्विक रिझ्यूममुळे काही सेकंदांत जिथल्या तिथे सुरू होतो. अडचण जागेची आहे: 512 जीबीपैकी हाती येते सुमारे 364, आणि मोठे गेम एकेकटेच शंभर जीबी खातात. डिस्क ड्राइव्हही नाही. सिरीज एक्स जास्त ताकदीचा आहे, पण टीव्ही साधा फुल एचडी असेल तर त्यासाठी जादा पैसे घालू नका.

आणि निन्टेंडोचा स्विच. ताकदीत तिघांत सगळ्यात मागे, पण आमच्या घरात सर्वांत जास्त हसू यानेच आणलं. त्याच्या बाजूचे दोन्ही जॉय-कॉन काढले, आडवे धरले की दोघांना दोन कंट्रोलर झाले. ‘मारिओ कार्ट 8 डिलक्स’मध्ये स्मार्ट स्टीअरिंग सुरू केलं की गाडी रस्त्याबाहेर जात नाही, गाडीच्या मागे एक इवलीशी अँटेना दिसते. आईने पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा गाडीसोबत ती स्वतःही वळणावर कलत होती. नातवाच्या पुढे निघाली तेव्हा स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या आणि ती जागची हलायला तयार नव्हती. पुण्यात बनलेला ‘राजी’ हा गेमही 2020 मध्ये सगळ्यांत आधी स्विचवरच आला.

मात्र निन्टेंडो भारतात अधिकृतपणे विकत नाही. माल आयात केलेला असतो, म्हणून वॉरंटी कोण देतंय हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या. 2025 मध्ये स्विच 2 आलाय; जुने बहुतेक गेम त्यावर चालतात, त्यामुळे बजेट असेल तर तोच बघा.

ऑनलाइन मित्रांशी खेळायला तिन्हीकडे बहुतेक गेमसाठी वर्गणी लागते, ते पैसे हिशेबात धरा. आणि पीएस 5 किंवा एक्सबॉक्स घेणार असाल, तर जास्तीच्या स्टोरेजआधी दुसरा कंट्रोलर घ्या. ‘इट टेक्स टू’ हा गेम दोघांशिवाय सुरूच होत नाही. नवरा-बायकोने तो एकत्र खेळून बघावाच.