मीटर रूमचा अर्थ बार: तांब्याचा की जीआयचा?

सोसायटीच्या मीटर रूमचं काम निघालं की अर्थ बारसाठी, म्हणजे सगळ्या अर्थिंगच्या तारा जिथे जोडतात त्या धातूच्या पट्टीसाठी, दोन कोटेशनं येतात. एकात २५×६ मिमीची तांब्याची पट्टी, दुसऱ्यात त्याच मापाची जीआय (जस्ताचा थर दिलेलं पोलाद), आणि दुसरं अर्थातच स्वस्त. पण माप सारखं म्हणून ताकद सारखी नसते. अर्थिंगच्या भारतीय मानकानुसार (आयएस ३०४३) उघडं तांबं एका सेकंदासाठी दर चौरस मिमीला साधारण २०५ अँपिअर सोसतं, पोलाद ८०. म्हणजे ही तांब्याची पट्टी सुमारे ३० किलोअँपिअरची, जीआयची जेमतेम १२ची.

आवारातच ६३० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर असेल आणि नेमप्लेटवर इम्पीडन्स (करंटला होणारा अंतर्गत विरोध) ५ टक्के असेल, तर त्याच्या टर्मिनलवर फॉल्ट करंट, म्हणजे शॉर्ट झाल्यावर वाहणारा करंट, १६.८ किलोअँपिअरपर्यंत जातो. केबलच्या लांबीने तो घटतो, पण मीटर रूम ट्रान्सफॉर्मरला खेटून असेल तर जीआय ५०×६ च घ्या.

ट्रान्सफॉर्मर बाहेर रस्त्यावर आणि सोसायटीचा फक्त स्वतःचा अर्थ पिट (अर्थिंगसाठी जमिनीत केलेला खड्डा) असेल, तर हिशेबच बदलतो. फॉल्टच्या वाटेत एकूण ५ ओहम धरले तरी २३० व्होल्टला ४६ अँपिअरच वाहतील. ६३ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) त्यावर ट्रिप होणार नाही. इथे तांब्याच्या पट्टीचे पैसे त्याऐवजी आरसीसीबीवर (करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच) घालावेत.

मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या हवेत मात्र कथील चढवलेलं तांबंच बरं. जीआय गंजते ती बहुधा भोकांपाशी: जागेवर ड्रिल मारलं की जस्ताचा थर जातो. भोकं गॅल्व्हनायझिंगच्या (जस्त चढवण्याच्या) आधीच पाडून घ्यावीत. कोरड्या हवेत, तांबं चोरीला जाण्याची भीती असेल तिथे, जाड जीआय बिनधास्त लावा.

जीआयवर उघड्या तांब्याचा लग (तारेच्या टोकाला बसवायची भोकाची टोपी) थेट कसू नका, ओल आली की जस्त खाल्लं जातं; लग कथील चढवलेला हवा. एका बोल्टवर एकच लग, खाली रंग नको, स्प्रिंग वॉशर हवाच. पट्टी भिंतीपासून इन्सुलेटरवर उचलून बसवा.

४१५ व्होल्टच्या पॅनेलच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थ जोडण्या कायद्यानेच लागतात. दोन्ही एकाच बोल्टवर आणल्या तर ती एकच जोडणी. आणि न्यूट्रल या बारवर अजिबात नको: सर्व्हिस केबलचा न्यूट्रल वाटेत तुटला तर प्रत्येक पॅनेलच्या पत्र्यावर व्होल्टेज येतं.